आजोबांच्या पेढीवरचा काळा फोन: आतलं सगळं काढून टाकू की तसाच ठेवू?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीला आमची हळदीची पेढी होती, आजोबा गेल्यावर बंदच पडली आणि आता जागा भाड्याने द्यायची म्हणून गेल्या आठवड्यात सगळं आवरायला घेतलं. गादीमागच्या फडताळात, रोजमेळाच्या वह्यांच्या खाली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला काळा फोन सापडला. गोल डायलचा, भोकांत बोट घालून फिरवायचा तो. मी लहान असताना तो पेढीवर पाहिलाय पण हात लावायची परवानगी नव्हती, कारण दुपारी तीन नंतर मुंबईचा भाव त्यावरच यायचा.

उचलला तर चांगलाच जड. खाली लोखंडी पत्रा आहे, पुढच्या बाजूला खालती एक छोटा सरकता ड्रॉवर आहे (हा मला माहितीच नव्हता!), हँडसेटच्या दांड्याच्या आतल्या बाजूला १६४ असा आकडा उठवलेला आहे आणि मागे पुसट ३३२ दिसतंय. वायर कापडी आहे, तपकिरी वेणीसारखी विणलेली, दोन ठिकाणी उसवलीये. डायल फिरतो पण परत येताना मध्येच अडकतो. रंग वरून मळकट करडा झालाय, खालच्या बाजूला मात्र काळा चकाकतो.

माझ्या भावाचं म्हणणं की आतलं सगळं काढून त्यात ब्लूटूथचं सर्किट बसवू म्हणजे मोबाइलला जोडून वापरता येईल, तो हे काम पुण्यात एकाकडून करून घेणार आहे. मला मन होत नाहीये पण का होत नाहीये तेही नीट सांगता येत नाही. म्हणून विचारते. हा फोन नक्की कुठला, साधारण कधीचा, आणि आतलं काही जपण्यासारखं असतं का? की बाहेरचं कवच हीच खरी वस्तू?

सह्याद्री७७

भावाचं ऐका असं मी म्हणेन. आमच्याकडे असाच एक होता तो माळ्यावर पडून पडून शेवटी भंगारात गेला. निदान वापरात राहील तर घरातली पोरं हात लावतील. लँडलाइनच राहिली नाही तर आतलं मशीन ठेवून उपयोग काय.

लाखेचा_रंग

ताई थांबा, पुण्याला पाठवू नका लगेच. तुमच्या वर्णनावरून हा ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या ३०० टाइप घराण्यातला फोन वाटतो, ३३२ हा त्यातला सगळ्यात जास्त चाललेला नमुना आणि १६४ हा हँडसेटचा नंबर. इंग्लंडमध्ये तो १९३७ साली आला आणि १९५९ मध्ये ७०६ नावाचा नवा हलक्या प्लास्टिकचा फोन येईपर्यंत तोच मुख्य होता. आपल्याकडे टेलिफोन खात्याची बरीचशी पद्धत ब्रिटिशच असल्यामुळे असे फोन आले, आणि १९४८ ला बंगळुरूला आयटीआय सुरू झाल्यावर तिथे बनलेले काळे बेकलाइट फोनही गावोगाव पोचले. उघडाल तेव्हा आत आणि पत्र्यावर शिक्के बघा, कुठल्या कारखान्याचा ते कळेल.

आता कवच की आतलं, या प्रश्नावर मला थोडं सविस्तर लिहायचंय कारण मी प्लास्टिकच्याच धंद्यात आहे, मोल्डिंगच्या, आणि बेकलाइट हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

बेकलाइटची गोष्ट सुरू होते आपल्या लाखेपासून. विजेचा धंदा वाढला तसं तारा आणि कॉइल यांना इन्सुलेशन म्हणून लाख प्रचंड लागायला लागली, आणि लाख म्हणजे झाडावरच्या किड्याची, ती मुख्यतः हिंदुस्थानातून जायची, गोळा करायला वेळ लागायचा, भाव चढलेले. लिओ बेकलँड हा मूळचा बेल्जियमचा रसायनतज्ज्ञ, अमेरिकेत स्थायिक झालेला, वेलॉक्स नावाचा फोटोचा कागद कोडॅकवाल्या ईस्टमनला विकून आधीच श्रीमंत झालेला. तो न्यूयॉर्कजवळ याँकर्सला घरच्या प्रयोगशाळेत लाखेला पर्याय शोधत बसला होता. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र केलं की एक चिवट घाण तयार होते हे आधीच्या लोकांना माहिती होतं, ते भांडं खराब झालं म्हणून फेकून द्यायचे. बेकलँडने उष्णता आणि दाब दोन्ही ताब्यात ठेवून त्या घाणीलाच कामाला लावलं. १९०७ साल. १९०९ मध्ये जाहीर केलं आणि त्याच वर्षी पेटंट मिळालं. संपूर्णपणे कृत्रिम असं हे पहिलं प्लास्टिक, त्याआधीचं सेल्युलॉइड हे कापसातल्या सेल्युलोजपासून बनायचं.

याचा मोठा गुण म्हणजे एकदा घट्ट झालं की परत वितळत नाही. मेणबत्तीसारखं नाही, भाजलेल्या विटेसारखं. म्हणून आजही तुमच्या प्रेशर कुकरचं हँडल बेकलाइटचंच असतं, आणि जुन्या घरांतली ती काळी गोल बटणं आठवतात ना, खटका वर-खाली करायची, ती पण तीच.

आता आकाराकडे बघा. फोनला कुठेही तीक्ष्ण कोपरा सापडणार नाही तुम्हाला. बघायला छान म्हणून तर आहेच पण साच्याचीही ती गरज आहे. बेकलाइटच्या राळेची पूड आणि त्यात लाकडाचं बारीक पीठ मिसळून ती गरम पोलादी साच्यात घालतात, वरून कित्येक टनांचा दाब देतात, काही मिनिटांत आतली पूड आधी पातळ होऊन सगळीकडे पसरते आणि मग कायमची कडक होते. कोपरा काटकोनी असला की माल तिथे नीट पोचत नाही आणि पुढे पडला-झडला की पहिला टवका तिथेच उडतो. बाजू एकदम उभ्या ठेवल्या तर वस्तू साच्यातून सुटत नाही, म्हणून सगळं वरती किंचित निमुळतं. आणि ती चकाकी पॉलिशची नाही हो, साचा आतून आरशासारखा घासलेला असतो त्याची छाप आहे ती. आम्ही साचा घासायला आठवडा आठवडा घालवतो तेव्हा कुठे असा पृष्ठभाग मिळतो, आणि त्या काळात हे काम हाताने व्हायचं.

काळा रंगही असाच. ही राळ मुळात गडद पिवळसर-तपकिरी, दिवसेंदिवस आणखी काळपटते, त्यामुळे त्यात पांढरा किंवा फिका रंग टिकवताच येत नाही. म्हणून काळा आणि तपकिरी. याच फोनचे हस्तिदंती, लाल, हिरवे असे नमुनेही निघाले होते पण ते बेकलाइटचे नाहीत, दुसऱ्या प्लास्टिकचे, आणि ते कमी निघाले म्हणून आज महाग.

तर माझं उत्तर असं की कवच ही खरी वस्तू आहेच, पण ते कवच असं झालंय ते आत काय मावायचंय त्यावरून. ड्रॉवरच्या वर घंटा, मागे कंडेन्सर आणि कॉइल, पुढे डायल, हे सगळं एका पोटात बसवायचं म्हणून ते असं घेरदार आहे. आतलं काढलंत तर त्या घेराला अर्थ राहत नाही.

ओस्लोत_रत्नागिरीकर

वा, काय सुंदर लिहिलंय. ताई, या फोनच्या चेहऱ्याची गोष्ट मी सांगतो कारण मी जिथे राहतो तिथलीच आहे ती.

तुमच्या फोनचा हा नमुना इंग्लंडमधल्या एरिक्सनच्या कारखान्यात, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनला घडवला गेला, पण तो घाट त्यांनी एरिक्सनच्याच आधीच्या फोनवरून घेतला, डीबीएच १००१ नावाच्या. स्वीडनची कंपनी असली तरी त्या फोनचं काम झालं इथे ओस्लोत, एलेक्ट्रिस्क ब्यूरो नावाच्या कारखान्यात. आतली यंत्रणा योहान क्रिस्तियन ब्यर्क्नेस या इंजिनियरची. आणि बाहेरचं रूप द्यायला त्यांनी बोलावलं एका चित्रकाराला! जाँ हायबर्ग त्याचं नाव, तरुणपणी पॅरिसला मातीस या नामवंत चित्रकाराकडे शिकलेला, पुढे इथल्या कला अकादमीत प्राध्यापक झाला. १९३० च्या सुमाराला त्याने प्लास्टरमध्ये हाताने मॉडेल केलं आणि १९३२ च्या आसपास फोन बाजारात आला.

इथल्या तंत्रज्ञानाच्या संग्रहालयात मी तो काचेमागे बघितला तेव्हा मला आमच्या रत्नागिरीच्या कचेरीतला फोन आठवला, इतका तोच. क्रेडलच्या (हँडसेट ठेवायच्या जागेच्या) खाली त्या पायऱ्या पायऱ्या आहेत ना तुमच्या फोनला, देवळाच्या जोत्यासारख्या? आणि हँडसेट आडवा टेकतो ती दोन शिंगं? हे सगळं त्या प्लास्टरच्या मॉडेलमधून आलेलं. मूर्तिकार जसा मातीवरून अंगठा फिरवतो तसे ते उतार आहेत. मला वाटतं इंजिनियरला एकट्याला ते सुचलं नसतं आणि चित्रकाराला एकट्याला घंटा कुठे ठेवायची ते कळलं नसतं, दोघांनी मिळून केलं म्हणून तो फोन पुढची पंचवीस-तीस वर्षं जगभर चालला.

त्याच्या आधी फोन कसे होते तेही लक्षात घ्या म्हणजे याचं महत्त्व कळेल. मेणबत्तीच्या दांड्यासारखा उभा फोन, एका हातात दांडा धरायचा, दुसऱ्या हाताने ऐकायचं कानाला लावायचं, लिहायला हात मोकळा नाही. घंटेची पेटी वेगळी, भिंतीवर. इंग्लंडमध्ये १९२९ ला सीमेन्स ब्रदर्सचा पिरॅमिडच्या आकाराचा १६२ नंबरचा फोन आला, तो प्लास्टिकचा होता, हँडसेटही एकत्र होता, पण घंटा अजून बाहेरच. तुमच्या ३३२ च्या घराण्यात तिथे घंटा पोटात आली. म्हणजे टेबलावर एकच वस्तू, एकच वायर. आज आपल्याला यात काहीच विशेष वाटत नाही.

अजून एक गंमतीशीर माहिती. डायलवरचे आकडे सगळीकडे सारखे नव्हते. आपल्याकडे १ म्हणजे एक ठोका आणि ० म्हणजे दहा ठोके. स्वीडनमध्ये ० म्हणजे एक ठोका, मग १ म्हणजे दोन. आणि ओस्लोत आकडे चक्क उलटे, तसेच न्यूझीलंडलाही. म्हणून न्यूझीलंडचा आणीबाणीचा नंबर १११ आणि इंग्लंडचा ९९९, पण तारेवर जाणारे ठोके दोन्हीचे सारखेच!

खांबावरचा

ताईसाहेब, नमस्कार. मी खात्यात ३४ वर्षं काढली, सुरुवात लाइनमन म्हणून, नंतर एक्स्चेंजमध्ये. टायपिंग मुलगी करतीये, मी सांगतोय, तेव्हा चुका माझ्या समजू नका.

आम्ही याला फोन म्हणत नव्हतो, इन्स्ट्रुमेंट म्हणायचो. इन्स्ट्रुमेंट खात्याचं असायचं, ग्राहकाचं नाही, ग्राहक भाडं भरायचा. बिघडलं तर आम्ही दुसरं आणून द्यायचो आणि हे डेपोला जायचं, त्यामुळे एकाच इन्स्ट्रुमेंटमध्ये तीन ठिकाणचे पार्ट सापडतात. तुमच्या आतल्या शिक्क्यांवर वेगवेगळी सालं असली तर नकली समजू नका. तीच त्याची खरी नोकरी आहे.

आतलं काढू का विचारताय, तर आधी आत काय आहे ते ऐका. हँडसेटच्या बोलायच्या बाजूला एक कॅप्सूल असते, त्यात कोळशाचे बारीक दाणे. तुम्ही बोललात की पडदा हलतो, दाणे कमीजास्त दाबले जातात आणि तारेतला करंट तसा कमीजास्त होतो. एवढंच. ट्रान्झिस्टर नाही, सेल नाही, काही नाही. वीज सगळी एक्स्चेंजमधून येते, पन्नास व्होल्टच्या आसपास, एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवर. म्हणून पूर्वी गावात लाइट गेली तरी फोन चालू असायचा, हे आता लोकांच्या लक्षातच राहिलं नाही. दाणे फार वर्षं एका जागी राहिले की बसतात, गोळा होतात, मग आवाज बारीक येतो. तेव्हा हँडसेट हातावर हलकेच आपटायचा, दाणे मोकळे होतात. जुने व्यापारी बोलायच्या आधी सवयीनेच आपटायचे, तुमचे आजोबाही आपटत असतील बघा आठवून.

ऐकायच्या बाजूला लोहचुंबक आणि पातळ पत्र्याचा पडदा. खाली पोटात इंडक्शन कॉइल, कंडेन्सर, दोन वाट्यांची घंटा. कॉइलचं काम फार हुशारीचं आहे. आपण बोलतो ते आपल्याच कानात मोठ्याने ऐकू आलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो आणि पलीकडच्याला ऐकू जात नाही. ही कॉइल आपला आवाज आपल्या कानात अगदी थोडाच येऊ देते. अगदी बंद पण नाही करत, कारण मग फोन मेल्यासारखा वाटतो. कंडेन्सर घंटेच्या वाटेवर असतो, तो बॅटरीचा करंट अडवतो आणि रिंगचा सोडतो. रिंग मात्र पंचाहत्तर व्होल्ट एसी, तेव्हा कधी वायर जोडताना काळजी घ्या. खांबावर असताना दातांनी वायर सोलताना रिंग आली की काय होतं ते माझ्या पिढीच्या प्रत्येक लाइनमनला माहिती आहे.

डायल ही तर घड्याळजीची वस्तू. बोटाने फिरवता तेव्हा फक्त स्प्रिंगला पीळ बसतो, नंबर जातो तो डायल परत येताना. पाच फिरवला तर येताना पाच वेळा सर्किट तुटतं. सेकंदाला दहा ठोके, हा वेग पक्का पाहिजे, म्हणून आत एक छोटा गव्हर्नर असतो, दोन पंख गरगर फिरतात आणि ब्रेक लावतात, तो किर्रर्र आवाज त्याचाच. तुम्ही जोराने फिरवा नाहीतर हळू, परत येण्याचा वेग तोच. तिकडे एक्स्चेंजमध्ये स्ट्रॉजरचे सिलेक्टर, म्हणजे ठोके मोजून लाइन जोडणारी यंत्रं, प्रत्येक ठोक्याला एक पायरी वर चढायचे, मग आडवे सरकायचे. शेवटच्या सिलेक्टरवर दहा ओळी आणि प्रत्येक ओळीत दहा, म्हणजे शंभर नंबर. तुम्ही सांगलीत बोट फिरवलं की आमच्या हॉलमध्ये लोखंड हलायचं ताईसाहेब. संध्याकाळी सातला, गर्दीच्या वेळी, पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज असायचा. हा स्ट्रॉजर अमेरिकेत प्रेतं पुरायचा धंदा करायचा, ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता म्हणून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारं मशीन काढलं असं आम्हाला ट्रेनिंगला सांगायचे. पेटंट १८९१ चं.

गावात ऑटो एक्स्चेंज नसलं तर याच इन्स्ट्रुमेंटला डायलच्या जागी कोरी गोल झाकणी असायची. रिसीव्हर उचलला की ऑपरेटर यायची. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा कॉल, बुक करा, ऑर्डिनरी, अर्जंट नाहीतर लायटनिंग, आणि बसा फोनशेजारी. तुमच्याकडे हात लावू देत नव्हते त्याचं कारण तेच असणार, कॉल लागायच्या वेळी लाइन मोकळी पाहिजे.

आणि अजून एक. पुष्कळ लोक डायलच्या भोकात छोटं कुलूप घालायचे. पण पोरं क्रेडलचं बटण टकटक दाबून नंबर लावायची, पाचाला पाच वेळा, शून्याला दहा वेळा, मध्ये जरा थांबून. लागायचा! कारण तारेला डायल काय आणि क्रेडल काय, सर्किट तुटल्याशी मतलब.

ब्लूटूथवाला यातलं काय ठेवेल? काही नाही. त्याला फक्त स्पीकर आणि बॅटरी बसवायची आहे. माझं मत, उघडा, साफ करा, पण एकही तार कापू नका.

लाखेचा_रंग

काका, दंडवत. पत्र्यावर पावसाचा आवाज हे वाचून डोळ्यासमोर उभं राहिलं.

कृष्णाकाठ_सांगली

काका, तुम्ही म्हणताय ते अगदी खरं, आजोबा हँडसेट डाव्या तळव्यावर दोनदा आपटायचे आणि मग "हां बोला" म्हणायचे. मला ते रागाने करतात असं वाटायचं लहानपणी. इतक्या वर्षांनी आज कळलं का ते.

तुमचं सगळं भावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो ठीक आहे, आतलं ठेवू, पण मग हा परत चालू होईल का? आमच्याकडे आता फायबर आहे, राउटरच्या मागे फोनचं पोर्ट आहे. आणि वरचा तो करडेपणा जाईल का? आईने खोबरेल लावून बघू म्हणाली, मी थांबवलंय.

लाखेचा_रंग

खोबरेल नको! दोन दिवस चकाकेल आणि मग धूळ धरून चिकट होईल.

करडेपणाचं कारण असं की उन्हाने आणि हवेने वरचा अगदी पातळ थर मरतो, राळ झिजते आणि आतलं लाकडाचं पीठ उघडं पडतं. खालची बाजू उन्हात नव्हती म्हणून अजून काळी. आधी आतलं सगळं बाहेर काढून (स्क्रू कुठला कुठून निघाला त्याचे मोबाइलवर फोटो काढत जा) नुसतं कवच कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून मऊ फडक्याने पुसा. भिजत ठेवायचं नाही, ते लाकडाचं पीठ पाणी पितं. पूर्ण वाळलं की ब्रासोसारखं पातळ मेटल पॉलिश अगदी थोडं, सुती कापडावर, गोल गोल. कापड तपकिरी होईल, घाबरू नका, तो मेलेला थर आहे, आणि ते तपकिरी निघणं ही बेकलाइटची खूणच समजा. पण जिथे अक्षरं किंवा आकडे उठवलेले आहेत तिथे घासू नका. शेवटी साधं मेणाचं पॉलिश. सँडपेपर किंवा ड्रिल मशीनवरचं बफ अजिबात नको, साच्याची ती मूळ चकाकी एकदा गेली की परत आणता येत नाही, आणि बेकलाइटची धूळ नाकात जाणंही वाईट.

खात्री करायची असेल तर अंगठ्याने एक जागा गरम होईपर्यंत चोळा आणि लगेच वास घ्या. कार्बोलिक साबणासारखा, दवाखान्यासारखा वास आला तर बेकलाइटच. तापवलेली सुई टोचून बघा असं कोणी सांगेल, तसं करू नका, कायमचा डाग राहतो.

वायर शक्यतो तीच ठेवा. उसवलेल्या जागी त्याच रंगाच्या सुती दोऱ्याने घट्ट गुंडाळून घ्या, तांब्याची आतली तार उघडी नसली म्हणजे झालं.

ओस्लोत_रत्नागिरीकर

फायबरचं मी इथे करून पाहिलंय म्हणून सांगतो. राउटरच्या पोर्टला असा फोन जोडला तर ऐकू येतं, बोलता येतं, रिंगही वाजते, फक्त काही राउटर घंटेला पुरेशी ताकद देत नाहीत मग ती जरा मलूल वाजते. अडचण फक्त फोन लावायची. बहुतेक राउटरना डायलचे ठोके कळत नाहीत, त्यांना बटणांचे सूर लागतात. त्यासाठी ठोक्यांचे सूर करून देणारं छोटं कन्व्हर्टर मिळतं, ते फोन आणि राउटरच्या मध्ये बाहेरच बसतं, फोनच्या आत एक टाकाही घालावा लागत नाही. भावाला हे काम द्या, त्याची हौसही भागेल.

मोबाइलचा दहा आकडी नंबर डायलवर फिरवायला वीस सेकंद सहज लागतात. माझ्या मुलीला सुरुवातीला ते कंटाळवाणं वाटलं, आता ती आजीचा नंबर त्याच फोनवरून लावते आणि तिला तो तोंडपाठ झालाय.

सह्याद्री७७

माझं आधीचं मत मागे घेतो ताई. आमचा भंगारात घातला तेव्हा आत हे सगळं होतं हे कोणी सांगितलं असतं तर घातला नसता.

खांबावरचा

डायल अडकतो म्हणालात त्याचं सांगायचं राहिलं. तेल ओतू नका. शिवणयंत्राचं तेल लोक भसकन घालतात आणि गव्हर्नरचा ब्रेक त्यात भिजला की डायल वेड्यासारखा पळतो, मग नंबर चुकतात. बहुतेक वेळा जुनं तेल घट्ट होऊन चिकटलेलं असतं. डायल बाहेर काढा, मागच्या बाजूने मऊ ब्रशने धूळ झटका, मग थोडंसं स्पिरिट ब्रशच्या टोकाला लावून फक्त दातेरी चाकं पुसा. घड्याळाचं तेल, काडीच्या टोकावर मावेल तेवढा एक थेंब, आसाच्या जागी. गव्हर्नरच्या पंखांना आणि कॉन्टॅक्टच्या (सर्किट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या) पट्ट्यांना तेल लावायचंच नाही. कॉन्टॅक्टमध्ये साधा जाड कागद घालून ओढून घ्या, काजळी निघते.

मग शून्य फिरवा आणि परत येताना घड्याळ बघा. साधारण एक सेकंदात आला पाहिजे, आणि एकसारख्या आवाजात. कमीजास्त झालं तर हात लावू नका, मला इथेच सांगा.

घंटेच्या दोन वाट्यांचे मधले स्क्रू सैल करून वाट्या किंचित फिरवता येतात, भोक मुद्दाम मध्यावर नसतं त्यांचं. त्याने टोल कमीजास्त लागतो. पेढीवरची घंटा जोरात ठेवलेली असणार, बाजारात ऐकू यायला पाहिजे म्हणून. घरात तेवढी नको वाटली तर फिरवून घ्या, पण आधी मूळच्या जागेवर पेन्सिलने खूण करा.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रविवारी भाऊ आणि मी दोघांनी मिळून उघडला. पत्रा काढला तर आत कोळ्याचं जाळं आणि चिमूटभर हळद, पिवळी धम्म. घंटेच्या वाटीखाली जमलेली. काका, तुम्ही म्हणाला तसंच निघालं, डायलवर एक साल आहे आणि कॉइलवर दुसरं, सात वर्षांच्या फरकाने.

ड्रॉवर अडकला होता तो हळूहळू निघाला. आत पुठ्ठ्याचं कार्ड आहे, आजोबांच्या अक्षरात, मोडीत काही आणि देवनागरीत काही. नंबर आहेत, तीन आकडी, चार आकडी. मुंबई, निजामाबाद, इरोड अशी नावं वाचता आली, बाकीचं मोडी कोणाला येत असेल तर फोटो टाकते.

डायल साफ केला. स्पिरिट, ब्रश, काडीच्या टोकाचा थेंब, सगळं सांगितल्याप्रमाणे. शून्य आता एका दमात परत येतो, भावाने मोबाइलवर वेळ लावून तीनदा बघितलं, तिन्ही वेळा एका सेकंदाच्या आसपासच. कन्व्हर्टर मागवलंय. घंटा मात्र आहे तशीच जोरात ठेवणार आहोत, खूण केली पण फिरवली नाही.

एक विचारायचं राहिलं. हळद ब्रशने काढून टाकू ना? कॉन्टॅक्टला काही त्रास नाही ना होणार राहिली तर?

खांबावरचा

कॉन्टॅक्टजवळची काढा, ती ओल धरते. घंटेखालची राहू द्या.

मोडीचा फोटो टाका, माझ्या थोरल्या भावाला येते.